शेवट कळण्याआधीची वही

लिहायची घाई नको. वही जवळ असू द्या, तिच्यावर आजची तारीख घाला आणि बाजूला सारा. आधी पुस्तक हातात घ्या. मी इथे व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी' धरून बोलणार आहे. तुमच्यापुढे दुसरी कादंबरी असेल तरी हरकत नाही, पण एखादी कादंबरी समोर असल्याशिवाय हे सगळं बोलणं हवेत राहतं.

'बनगरवाडी' १९५५ साली पुस्तकरूपानं आली. अंगानं लहान आहे. सुट्टीच्या दिवशी सकाळी बसलं तर संध्याकाळच्या आत हातावेगळी होईल. तशी करू नका. राजाराम विठ्ठल सौंदणीकर नावाचा पोरसवदा मास्तर औंध संस्थानातल्या एका धनगरवाडीत शाळा चालवायला निघाला आहे. तो चालत चालत वाडीला पोचतो तिथपर्यंत वाचा आणि थांबा. पुस्तक मिटा, बोट पानात राहू द्या.

आता नुसतं बसा. वाचलं त्यातलं काय अजून जागं आहे, ते आपोआप येऊ द्या. कुणाला पायवाट दिसेल. कुणाला त्या मुलाची धास्ती जाणवेल: नवी नोकरी, अनोळखी गाव, आपल्याहून दुप्पट-तिप्पट वयाची माणसं आपलं ऐकतील कशी. कुणाला नुसतं उजाड माळरान दिसेल, कारण आटपाडीकडची ती कोरडी जमीन त्यानं कधी एसटीच्या खिडकीतून पाहिलेली असेल. कुणाला काहीच दिसणार नाही, आणि तेही खरंच आहे. यातली एकच गोष्ट निवडा. तिच्यापाशी थोडा वेळ थांबा. मग वही ओढा आणि ती एक-दोन वाक्यांत लिहा. 'लेखकाने ग्रामीण वास्तवाचे प्रभावी चित्रण केले आहे' असलं वाक्य हातून उतरू लागलं तर पेन उचला. ते वाक्य पुस्तक न वाचताही लिहिता येतं.

हे सगळं कशासाठी, तेही बोलू.

कादंबरी वाचून संपली की एक गोष्ट आपल्या नकळत घडते. शेवट कळतो, आणि तो मागे सरकत सरकत पार पहिल्या पानापर्यंत जाऊन बसतो. मधे कुठेतरी आपल्याला काय वाटत होतं, कोण लबाड वाटला होता, कुणाची काळजी लागली होती, कुठे कंटाळा आला होता, हे काही केल्या आठवत नाही. उलट असं वाटू लागतं की हे असंच होणार, हे मला आधीपासून जाणवत होतं. जाणवत नव्हतं. शेवट ठाऊक नसलेला तो वाचक कादंबरीबरोबरच संपून जातो, आणि माझ्या मते वाचनाची वही ठेवायची ती त्याच्यासाठी. कादंबरीचा सारांश कुठेही मिळतो. समीक्षा ग्रंथालयात आहे. पण साठाव्या पानावर असताना तुम्हाला काय कळलेलं नव्हतं, तुम्ही काय अंदाज बांधला होता, कुणावर उगाच चिडला होता, हे तुमच्या वहीखेरीज कुठेच मिळणार नाही.

माडगूळकरांनी ही गोष्ट सांगितली आहे कशी, ते या बाबतीत बघण्यासारखं आहे. मास्तर स्वतःच सांगतो, 'मी' म्हणून, सगळं घडून गेल्यावर. सांगताना त्याला पुढचं सगळं ठाऊक आहे. तरी तो पुढचं अलीकडे येऊ देत नाही. वाडीत पहिल्यांदा पाऊल टाकणारा बावरलेला पोरगा त्या पानावर बावरलेलाच राहतो. शहाणा झालेला मास्तर मधे पडून त्याला सावरत नाही, त्याची बाजूही मांडत नाही. एवढं एकदा ध्यानात आलं की आपल्या वहीकडून काय मागायचं तेही कळतं. आपल्या न कळण्याला असंच जागच्या जागी राहू द्यायचं.

म्हणून दोन-तीन पथ्यं सांगतो. साधी रेघी वही पुरे. फक्त उजव्या पानावर लिहा, डावं कोरं सोडा. ते कोरं पान पुढच्या कुठल्यातरी वर्षी, दुसऱ्या वाचनाच्या वेळी लागेल. प्रत्येक नोंदीवर तारीख आणि पुस्तकातलं पान घाला. आणि लिहिलेलं खोडू नका. वीस पानं पुढे गेल्यावर आधीचा अंदाज चुकीचा ठरला तर खाली नवी नोंद करा, वरच्या ओळीला हात लावू नका. पेन्सिलीनं लिहिणाऱ्यांना मी पेन घ्यायला सांगतो, ते एवढ्याचसाठी.

आता सावकाश वाचत जा आणि शेकूपाशी या.

शेकू गरीब शेतकरी आहे. रानात काम करायची वेळ आली आहे, औत धरायचं आहे आणि जोडीला दुसरा बैल नाही. माणदेशासारख्या कमी पावसाच्या मुलखात वापसा कुणासाठी थांबत नाही. चार दिवस हातचे गेले की जमीन आवळते आणि वर्ष वाया जातं. शेवटी शेकूची बायको बैलाच्या जोडीनं जू आपल्या खांद्यावर घेते आणि औत ओढते.

इथे पुस्तक मिटा. या जागी बहुतेक वाचक थबकतातच, पण लगेच काहीतरी म्हणून मोकळेही होतात. दारिद्र्य. स्त्रीचं शोषण. कष्टकऱ्याची जिद्द. हे शब्द खोटे नाहीत, फार लवकर आले एवढंच. त्यांना थोडं बाहेर थांबू द्या आणि तेच पान पुन्हा वाचा, या वेळी ओठ हलवत, मनातल्या मनात आवाज काढत.

जू बैलाच्या मापाचं असतं. बाईचा खांदा आणि बैलाची मान एका उंचीवर येत नाहीत, म्हणजे जू एका अंगाला कललं असणार. बैलाची चाल वेगळी, माणसाची वेगळी. तासाच्या टोकाला बैल सवयीनं वळतो, तिला तिथे काय करावं लागलं असेल? मागे औतावर शेकू उभा आहे. औत चालवायचं तर हाकारावं लागतं. बैलाला ज्या शब्दांनी हाकारायचं त्याच शब्दांनी आता जोडी चालायची आहे, आणि जोडीत आपली बायको आहे. त्यानं हाकारलं असेल का? की त्या दिवशी तो गप्पच राहिला असेल? मनात हे जितकं येईल तितकं येऊ द्या, त्याला आवरू नका.

आता पुन्हा पान उघडा आणि यातलं पुस्तकात किती आहे, तुम्ही किती घातलंत, ते नीट बघा. दोन्ही लिहा, पण वेगवेगळं. पुस्तकातलं वर. मनानं भरलं ते खाली, 'हे माझं' असं म्हणून. कादंबरीच्या अभ्यासात मला याहून उपयोगी सवय दुसरी ठाऊक नाही. लेखकानं किती सांगून कुठे हात आखडता घेतला, हे या दोन नोंदींच्या मधल्या रेघेवर दिसतं, आणि शैली म्हणतात ती मुख्यतः त्या रेघेवरच असते.

मग स्वतःकडे वळा. तिची कीव आली, की आदर वाटला? शेकूचा राग आला का? ज्यांनी बैल दिला नाही त्यांचा? की त्या मुक्या जनावराचा विचार आला, ज्याच्या शेजारी आज भलतीच जोडीदार आली आहे? जे आलं ते लिहा, जे यायला हवं होतं ते लिहू नका. आणखी एक बघा. एवढं दृश्य दाखवून सांगणारा त्यावर हळहळत बसत नाही. माडगूळकर चित्रं काढायचे. रेघ ओढून झाली की हात उचलायचा, ही चित्रकाराची शिस्त त्यांच्या गद्यात पानोपानी आहे. त्यांनी वाचकाला रडायला लावलेलं नाही आणि रडू नकोस असंही म्हटलेलं नाही. ही मोकळीक तुम्हाला पेलली का जड गेली, तेही वहीत यायला हवं. मला जड गेली होती. माझ्या वहीत त्या पानावर एवढंच आहे: 'मास्तर काही बोलत का नाही?' त्याखाली उत्तर मी अजून लिहिलेलं नाही. प्रश्नाच्या भोवती बारीक अक्षरात नोंदी मात्र वाढत गेल्या आहेत.

इतकं लिहून झालं की त्या दिवशी पुढे वाचू नका. विरजण लावलेलं भांडं कुणी हलवत नाही. तसं हे प्रकरण रात्रभर राहू द्या.

अशा थांबण्याची सवय आपल्या कादंबरीला पूर्वी होती. ती मोडली अलीकडे. हरिभाऊ आपट्यांनी १८९० साली 'करमणूक' हे साप्ताहिक काढलं आणि 'पण लक्षात कोण घेतो?' त्यातून भागाभागानं येऊ लागली. तिच्या नायिकेचं, यमूचं, पुढे काय होणार, हे वाचकाला पुढच्या अंकाशिवाय कळायचा मार्ग नव्हता. पूर्ण कादंबरी व्हायला काही वर्षं गेली. त्या वर्षांत यमू लोकांच्या घरात राहिली असेल. जेवताना तिचा विषय निघाला असेल. तिच्यासारखीच एखादी घरातच असेल, आणि तिच्याकडे बघताना वाचणाऱ्याची नजर थोडी बदलली असेल. दोन अंकांच्या मधला तो आठवडा हा वाचनाचाच भाग होता. आज अख्खं पुस्तक हातात असतं, तेव्हा तो आठवडा आपला आपण निर्माण करावा लागतो. वही त्या कामी येते. ती लिहिण्यापेक्षाही थांबण्यासाठी जास्त उपयोगाची आहे, असं मला पुष्कळदा वाटतं.

ज्यांना 'बनगरवाडी' अभ्यासक्रमात आहे, त्यांच्याशी थोडं वेगळं बोलायला हवं. तुमच्यापुढे प्रश्न तयार असतात. प्रादेशिक कादंबरी म्हणून 'बनगरवाडी'चं मूल्यमापन करा. वाडीच्या कारभाऱ्याचं स्वभावचित्रण करा. या कादंबरीचा नायक कोण, मास्तर की वाडी? हे प्रश्न वाईट नाहीत. शेवटचा तर चांगलाच आहे. त्रास होतो तो ते पुस्तकाच्या आधी हातात पडल्यामुळे. नायक कोण, हे शोधत वाचलं की सापडतो तो उत्तरपत्रिकेतला नायक. तेव्हा प्रश्नांचा कागद घडी घालून वहीच्या शेवटच्या पानात ठेवून द्या आणि पुस्तक अर्धं होईपर्यंत काढू नका. मग काढा, आणि उत्तरासाठी पुस्तकाकडे जाण्याआधी आपल्या वहीकडे जा. तुमच्या नोंदींत कुणाची नावं आली आहेत? मास्तर किती ठिकाणी आहे? शेकू, अंजी, आनंदा रामोशी, आयबू, दादू बालट्या, यांच्यापैकी कुणासाठी तुम्ही थांबला होतात? माणसांऐवजी मेंढरांसाठी, घोंगडीसाठी, एखाद्या झाडासाठी थांबला होतात का? नायक कोण याचं एक खरं उत्तर तुम्ही नकळत लिहूनच ठेवलेलं असेल. ते परीक्षेत चालेल असं वाक्यात मांडणं फार कठीण नाही.

कारभाऱ्याचंही तसंच. त्याचं 'स्वभावचित्रण' एका दमात करायला जाल तर तो करारी, अनुभवी, वाडीवर वचक असलेला म्हातारा एवढाच उरेल. त्यापेक्षा तो जेव्हा जेव्हा पानावर येईल तेव्हा एकच ओळ लिहा: आज तो मला कसा वाटला. पहिल्या भेटीत कसा वाटला, मास्तराच्या पाठीशी उभा राहिला तेव्हा कसा, आणि मधे दोघांच्यात गैरसमज येतो तेव्हा कसा. त्या गैरसमजाच्या पानांवर तुम्ही कुणाच्या बाजूनं होतात, ते जरूर लिहा. गोष्ट मास्तर सांगतो आहे, म्हणून आपण सहजच त्याच्या बाजूला जाऊन उभे राहतो. एकदा मुद्दाम कारभाऱ्याच्या अंगणात जा. घरात अंजीसारखी लेक आहे, वाडी लहान आहे, बोलणारी तोंडं मोठी आहेत आणि शाळेत बाहेरगावचा एक तरुण मुलगा येऊन राहिला आहे. तिथून बघितलं तर मास्तर कसा दिसतो? वहीत दहा ओळी कारभारी होऊन लिहून बघा. पुस्तकाच्या विरोधात जाण्याची भीती बाळगू नका. चांगली कादंबरी एवढं सहज सोसते, आणि कारभारी तुम्हाला पूर्वीपेक्षा जवळचा होऊन परत मिळतो.

माहितीचं काय करायचं, हा प्रश्न येतोच. वाडी औंध संस्थानातली आहे. तालीम बांधून होते तेव्हा राजेसाहेब येतात. वाचताना सहज वाटतं की हे राजे कोण, बघू या. बघितलं की कळतं, औंधचे भवानराव पंतप्रतिनिधी सूर्यनमस्कारांचा प्रसार करणारे होते, स्वतः चित्रकार होते, आणि १९३९ मध्ये त्यांनी आपल्या संस्थानात गावांच्या हाती कारभार देणारी राज्यघटना लागू केली. हे वाचून तालमीचं प्रकरण अधिक भरीव होतं. व्यायामाचा एवढा ध्यास असलेला राजा एका धनगरवाडीच्या तालमीला येतो, यात मग नुसता योगायोग दिसत नाही. पण हे सगळं वहीच्या मागच्या पानांवर लिहा, पुढच्या पानांत मिसळू देऊ नका. मास्तराला आणि वाडीला राजेसाहेब येणार म्हणून जी धांदल उडाली, ती इतिहास वाचून उडालेली नव्हती. आधी त्या धांदलीत तुम्ही उभे राहून घ्या. वाडीतल्या माणसांनी मिळून काहीतरी उभं केलं आहे, ते बघायला राजा येतो आहे. त्या वेळी तुमच्या मनात नुसता आनंद होता, की 'हे टिकेल ना' अशी शंकाही होती? शंका असेल तर तिच्यावर तारीख हवीच.

मराठीत वाचनाच्या नोंदी ठेवणाऱ्यांना एक जवळचं पुस्तक आहे, सतीश काळसेकरांचं 'वाचणाऱ्याची रोजनिशी'. ते 'आपले वाङ्मय वृत्त'मधल्या त्यांच्या सदरातून आलं आणि २०१३ साली त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. कवी माणूस, लघुअनियतकालिकांच्या चळवळीतला, आणि पुस्तकांवर जिवापाड प्रेम करणारा. ते वाचताना एक लक्षात येतं. पुस्तक माणसाकडे एकटं येत नाही, त्याच्याबरोबर ते ज्या दिवसात वाचलं ते दिवस येतात, ज्यानं दिलं तो मित्र येतो, जिथून घेतलं ते दुकान येतं. तुमच्या वहीतही हे येऊ द्या. ज्या संध्याकाळी शेकूचं पान वाचलं त्या संध्याकाळी घरात काय चाललं होतं? कुणी आजारी होतं का? बाहेर पाऊस होता का, आणि असेल तर पावसाची वाट बघणाऱ्या माणसांविषयी वाचताना तो कसा वाटला? अर्धी ओळ पुरे. तुमच्या आयुष्याची दैनंदिनी या वहीत नको, नाहीतर कादंबरी बाजूला पडते. पण वाचणारा कुठे बसला होता, एवढं कळायला हवं.

काही दिवस काहीच लिहावंसं वाटणार नाही. पानं पुढे जातील आणि आत काही हलणार नाही. त्या दिवशी तारीख घाला, पान क्रमांक लिहा आणि 'आज काही नाही' असं लिहा. अशा तीन-चार नोंदी लागोपाठ आल्या तर एकदा मागे जाऊन ती पानं चाळा. कधी आपण थकलेले असतो. कधी मात्र लेखक तिथे मुद्दाम काही घडू देत नसतो, मेंढरं चरायला जात असतात आणि दिवस नुसता उगवून मावळत असतो. वाडीचं जगणं बहुतांशी तेच आहे. त्या संथ पानांना 'काही नाही' म्हणणारा वाचक वाडीत नव्यानं आलेल्या मास्तरासारखाच आहे, आणि त्यात कमीपणा नाही. मास्तरालाही वाडी कळायला वेळ लागला.

शेवटची वीस-पंचवीस पानं उरली की पुस्तक मिटा. या वेळी पानात बोट ठेवू नका, खूण घाला आणि एक दिवस जाऊ द्या. दुसऱ्या दिवशी दोन गोष्टी लिहा. वाडीचं पुढे काय होईल असं वाटतं, आणि काय व्हावं असं वाटतं. दोन्ही एक निघाली नाहीत तर दोहोंच्या मधे थोडा वेळ बसा. ही माणसं तुमची कोण? त्यांचं बरं व्हावं असं एवढं का वाटतं आहे? मास्तरानं तिथेच राहावं असं वाटतं का, आणि तुम्ही त्याच्या जागी असता तर राहिला असता का? इथे कुणी वाचणारं नाही, तेव्हा खरं लिहा.

शेवट मी सांगत नाही. ज्यांनी कादंबरी आधी वाचली आहे त्यांनी ठाऊक नसल्याचा आव आणू नये. त्यांनी वेगळा प्रश्न घ्यावा: शेवट माहीत असताना या वेळी त्याची पहिली चाहूल कोणत्या पानावर लागली, आणि तेव्हा पुस्तक बाजूला ठेवावंसं वाटलं का?

शेवट वाचाल त्या रात्री काही लिहू नका. दुसऱ्या दिवशी, किंवा आणखी दोन दिवसांनी, आधी वही पहिल्यापासून वाचा. कुठे दुरुस्ती करावीशी वाटेल, कुठे आपलंच वाक्य भाबडं वाटेल. राहू द्या. मग शेवटची नोंद करा आणि वही ठेवून द्या.

पुन्हा काढाल तेव्हा डाव्या पानांपासून सुरुवात होईल. शाई निराळी घ्या. सुरुवात आनंदा रामोश्यापासून करावी असं मी सुचवेन. चोऱ्या करून पोट भरणारा हा माणूस मास्तराच्या जवळपास वावरत असतो. त्याच्याविषयी पहिल्या वाचनात तुम्ही काय काय लिहिलं होतं, ते उजव्या पानांवर शोधा. 'चोर' हा शब्द बहुधा असेल, आणि पुढे कुठेतरी तो लिहिणं थांबलेलंही असेल. कोणत्या तारखेनंतर थांबलं ते बघा, त्या दोन तारखांमधली पानं पुन्हा वाचा, आणि तिथे काय घडलं होतं ते डावीकडे लिहा. एका पानात मावलं नाही तर वहीला कागद डकवून घ्या.